भाचीने मागितलं की

सुवा, ३ मार्च

उनाइसी,

तुझ्याच पलंगावर बसून लिहिते आहे. पलंग मधोमध खचलाय. तो मी खचवलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण आत्या रोज सकाळी चादर झटकताना माझ्याकडे असं बघते की तिच्या लेकीचा पलंग मीच मोडला.

मी फोन का करत नाही, असं तू आईला विचारलंस म्हणे. आपल्या गावी, नावुतूला, फोन लागतो तो फक्त शाळेमागच्या खडकावर, आणि त्या खडकावर निम्मं गाव बसलेलं असतं. मला तुला जे ऐकवायचं आहे ते पाद्रीणबाईंच्या कानावर जायला नको. म्हणून पत्र. बोटीवरच्या सामूकडे देते आहे. तो फोडेलच, पण सामूला वाचता येतं यावर गावात अजून कुणाचा विश्वास नाही.

तर ऐक. "मामाकडे जरा जाऊन येते" म्हणून तू निघालीस. शेती-व्यवसायाची पदवी अर्धी टाकलीस, पुस्तकं पलंगाखाली सारलीस आणि बोटीत बसलीस. त्याला वर्ष होऊन गेलं. त्याच पदवीसाठी मी गावात डोळे लावून बसले होते. आधी इनोकेची फी, मग वादळात उडालेलं छप्पर, मग परत इनोकेची फी, कारण आमचे बंधुराज नापास झाले होते. शेवटी माझी पाळी आली तेव्हा आत्या म्हणाली, "खोली रिकामीच आहे, ये." म्हणजे विद्यापीठसुद्धा मला तुझं उष्टं मिळालं.

पहिल्याच दिवशी मॅडम सरोजनींनी हजेरी घेताना चष्मा कपाळावर चढवला.

"कांदावूची का? उनाइसीची कोण तू?"

"मामेबहीण, मॅडम."

"फार हुशार होती गं ती. वाया घालवलं सगळं."

सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघत होता. म्हणजे वर्गात नसतानाही वर्गात तूच पहिली.

आणि घरी? आईशी बोलायला मिळतं ते रविवारी, चर्च सुटल्यावर. ती खडकावर चढून धापा टाकत म्हणते, "उनाइसीने चटई विणायला घेतली. उनाइसीने पाद्रीणबाईंना केक करून दिला. उनाइसी बोलली की तुझे बाबा नुसते हसत सुटतात गं." बाबा हसत सुटतात! मी त्या घरात जन्मले, वाढले, आणि बाबा माझ्या बोलण्यावर हसत सुटलेत असं मला आठवत नाही. मिशीतल्या मिशीत एकदा हसले होते, मी ओढ्यात पडले तेव्हा.

बरं आहे तुझं. मागितलं की मिळतं. तू वासु ना! बहिणीचं लेकरू मामाच्या गावात आलं की त्याला कुणी अडवायचं नाही, मागेल ते द्यायचं, न विचारता उचललं तरी वर हसायचं. लहानपणी नाताळला आलीस आणि माझी पिवळी कोंबडी बगलेत मारून बोटीत चढलीस. मी रडले, तर बाबांनी मलाच दटावलं, "भाची आहे ती. भाचीला नाही म्हणतात का?" त्या कोंबडीचं तुम्ही सुव्याला काय केलंत ते मला आत्याने परवा सांगितलं. सूप केलंत.

माझा निळा सुलू कमरेला गुंडाळू नकोस. स्वयंपाकघराच्या दाराशी माझी बसायची जागा आहे, तिथे बसू नकोस. आणि सार्जंटला मासळीची डोकी घालून फितवू नकोस. कुत्रा माझा आहे.

तोरिका


सुवा, १९ एप्रिल

उनाइसी,

पत्र मिळालं. एवढं मोठं पान घेऊन चार ओळी लिहायला तुला लाज कशी वाटली नाही? "सार्जंट तुझं नाव विसरला. निळा सुलू मला तुझ्यापेक्षा शोभतो, सगळं गाव म्हणतं. दारातली जागा वाऱ्याची आहे, सोडणार नाही. जाडे, अभ्यास कर."

जाडी तू. आत्याने तुझे जुने फोटो दाखवलेत मला.

आता कामाचं. शेवटच्या वर्षाची वाट न बघता मॅडमनी आत्ताच आम्हाला कामाला जुंपलंय. प्रत्येकाने एका खऱ्या जमिनीवर खरा धंदा उभा करायचा आराखडा द्यायचा. ज्याचा आराखडा पसंत पडेल आणि ज्याला जमीन कसायला देत असल्याचा घराण्याचा शब्द असेल, त्याला विद्यापीठ पहिल्या हंगामाचं सगळं सामान देणार. बाकीची मुलं अंडी, भाजी, मधमाश्या असलं काहीतरी करताहेत. मी काय करणार ते तुला सांगायलाच हवं असं नाही, पण सांगते, म्हणजे तुझ्या पोटात दुखेल.

आपल्या ओढ्यावरचा उतार माहीत आहे ना, मोठ्या वडाच्या (आपला बाका गं, पारंब्यांचा) पलीकडचा? तिथे यांगोनाची रोपवाटिका. वादळानंतर आपल्या कांदावू बेटभर लावायला यांगोनाच्या कांड्या मिळत नाहीत. जो तो प्यायची मुळं उपटून विकतो, आणि नवं लावायला हातात काही नसतं. मूळ तयार व्हायला चार-पाच वर्षं लागतात, तोवर घरच्यांनी काय खायचं? रोपं मात्र काही महिन्यांत विकता येतात. सावली आहे, पाणी आहे, आणि बोट लागते तिथून जवळ. हे मला पुस्तकाने सांगितलं नाही. शाळा सुटल्यावर मी त्या उतारावर यांगोनाची पहिली कांडी खोचली होती, तेव्हापासून डोक्यात आहे. पुस्तकाने फक्त त्याला नावं दिली.

मॅडमनी आराखडा बघितला. म्हणाल्या, "छान आहे. जमीन कोणाची?"

"आमची."

"आमची म्हणजे कोणाची? तुझ्या हाती कोण देणार? घरी विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? सगळ्यांना माहीत आहे तो उतार माझा आहे ते."

मॅडमनी आराखडा मिटला. "बाळा, माझ्या वडिलांचा ऊस दुसऱ्याच्या जमिनीवर होता. तिथेही सगळ्यांना सगळं माहीत होतं. आधी विचार."

मॅडमचं वेगळं आहे. त्यांचे पणजोबा भारतातून आलेले, त्यांच्या लोकांना जमिनी खंडाने घ्याव्या लागतात, म्हणून त्या सारख्या विचार, विचार करतात. आपल्या घरात मी मागायची रीत म्हणून हातात यांगोनाचं मूळ धरून बाबांपुढे मांडी घालून बसू? पाहुण्यासारखी? स्वतःच्या ताटातला दालोचा कंद कुणी मागून घेतं का?

तू पानाच्या पाठीवर विचारलंयस, "उताराचं काही ठरवलंयस का?" तुला काय करायचंय? तू वीण चटया.

तोरिका


सुवा, ८ जून

उनाइसी,

आईने सांगितलं.

मला वाटलं तिच्या धापेमुळे मी चुकीचं ऐकते आहे. मी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच म्हणाली. तू बाबांकडे उतार मागितलास, बाबांनी घराण्याच्या थोरल्या आजोबांना बोलावलं, सगळ्यांनी यांगोना प्याला, ओंजळीच्या टाळ्या झाल्या, आणि उतार तुझा झाला.

कोंबडी नेलीस. वर्गातला नंबर नेलास. आईची चटई, बाबांचं हसू, माझा कुत्रा. मी काही म्हटलं नाही. म्हणजे म्हटलं, पण मनापासून नाही म्हटलं. उताराबद्दल मी तुला स्वतःच्या हाताने लिहून कळवलं होतं. बाका कुठे, पाणी कुठे, सावली कुठे, सगळं. चोराला घर दाखवावं तसं.

तुला त्या उताराचं काय करायचं आहे? तुला यांगोनाची कांडी उलटी की सुलटी खोचतात हे तरी माहीत आहे का? तुला फक्त मला जे हवं ते हवं असतं. आत्या संध्याकाळी विचारत होती, "जेवत का नाहीस?" मी म्हटलं, पोटात दुखतंय. खरंच दुखत होतं.

मला उत्तर पाठवू नकोस.


सुवा, २१ जून

उनाइसी,

उत्तर पाठवू नकोस म्हटलं तर तू मासे पाठवलेस. धुरावलेले, केळीच्या पानात बांधून, माझ्या आवडीचे. त्यावर एक चिठोरं. "हो, घेतला उतार. इथे ये आणि तोंडावर भांड. लवकर ये."

मासे मी खाल्ले. आत्याने अर्धे घेतले. खाल्ले म्हणजे माफ केलं असा अर्थ काढू नकोस. ते मासे बाबांनी पकडलेले आहेत, मी माझ्या बाबांचे मासे खाल्ले.

आणि येते आहेच मी. सुट्टी लागली की पहिल्या बोटीने. पण तुझ्याशी भांडायला नाही. मला तुझी गोम कळली आहे.

आई परवा बोलता बोलता हसत म्हणाली, "अगं, उनाइसी शेवटी शहरातली पोर. उतार मागायला आली ती दुकानातलं पाकीट घेऊन. यांगोनाची पूड! तुझ्या बाबांनी हसतच घेतली." आईला त्याचं कौतुक वाटलं. मला काय वाटलं ते सांगू? मी फोन ठेवला आणि तुझ्या खचलेल्या पलंगावर उड्या मारल्या.

कोंबडी, डुक्कर, सुलू हे मामाचं. ते भाचीने हात हलवत येऊन न्यावं. पण जमीन मामाची नसते बाई, घराण्याची असते. तिच्यासाठी सबंध मूळ आणावं लागतं, देठासकट, मातीचा वास असलेलं. पाकिटातल्या पुडीवर सर्दीचं औषध मागावं. थोरले आजोबा या बाबतीत किती कडक आहेत ते तुला अजून कळलेलं नाही. त्या दिवशी त्यांना नीट दिसलं नसणार, डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मी दाखवीन.

खा आता केक.

तोरिका


सुवा, ६ ऑगस्ट

उनाइसी,

हे पत्र सामूकडे दिलेलं नाही. पाद्रीणबाई दातांच्या डॉक्टरांकडे आल्या होत्या, त्यांच्या पिशवीत घातलं आहे. का, ते तुला माहीत आहे.

मी गावात असताना तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. तू स्वयंपाकघरात माझ्यासाठी पानात दालो वाढलास, मी आईच्या ताटातला घेतला. तू निळा सुलू धुऊन घडी करून माझ्या उशाशी ठेवलास, मी तो तुझ्या अंगावर फेकला. ते सगळं तू बघितलंस. जे बघितलं नाहीस ते सांगते.

शनिवारी दुपारी मी गोड पुऱ्या तळून थोरल्या आजोबांकडे गेले. ते ओसरीवर एकटेच होते. त्यांनी पुरी चहात बुडवली आणि म्हणाले, "शहाणी झालीस का गं तिकडे?"

"थोडी. आजोबा, एक विचारू? जमीन मागताना पूड चालते का?"

"कसली पूड?"

"उनाइसीने पाकीट ठेवलं होतं पुढ्यात. दुकानातलं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मी अगदी साळसूदपणे विचारलं. आजोबांची पुरी चहात विरघळून गेली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. म्हणाले, "पूड? आमच्या बापजाद्यांच्या मातीसाठी पूड?" मी मान खाली घातली. आतून मला इतका आनंद झाला होता की मला वाटलं तो माझ्या मानेवर दिसेल.

रविवारी चर्चनंतर सगळे बसले. तू मागे बायकांत होतीस, मी खांबाशी. आजोबा म्हणाले, भाचीचा मान मोठा, पण मागणं पुरं झालेलं नाही, तेव्हा उतार परत घराण्याकडे. मी तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं तू रडशील. तू इनोकेकडे बघत होतीस.

आणि इनोके उठला. भिंतीशी गुंडाळलेल्या चटईमागून त्याने मूळ काढलं. सबंध, देठासकट, माती लागलेलं. तयार ठेवलेलं होतं, उनाइसी. महिनाभर तयार ठेवलेलं असेल. तो रांगत पुढे गेला, आजोबांपुढे ठेवलं, आणि उतार मागितला. आल्याच्या लागवडीसाठी. घराण्याचा थोरला मुलगा, हातात रीतसर मूळ, नाही कोण म्हणणार? टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. हात आपोआप वाजले.

मला वाटलं होतं, तुझ्याकडून सुटला की उतार आपसूक माझ्याकडे येईल. माझाच तर होता.

धक्क्यावर आईने माझी पिशवी बोटीत ठेवली आणि तशीच उभी राहिली. म्हणाली, "इनोकेने त्या आल्याच्या व्यापाऱ्याला नाताळातच शब्द दिला होता. उनाइसीला कळलं. तिने खूप विचार केला गं पोरीने. तू मागितलं असतंस तर म्हणाले असते, मुलगी आहे, उद्या लग्न करून जाईल. भाचीला मात्र कुणी नाही म्हणू शकत नाही. म्हणून तिने मागितलं. तू शिकून येईपर्यंत धरून ठेवायचा म्हणाली."

"मग मला सांगितलं का नाही?"

"पत्रात कसं सांगणार? सामू इनोकेचा दोस्त. सगळी पत्रं तोच वाचून दाखवतो त्याला. म्हणून तर तुला लवकर ये म्हणत होती. आणि आली होतीस, तर तिला तोंड उघडू दिलंस का तू?"

म्हणजे सामूला वाचता येतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता आल्याचं पीक दोन खेपांत त्या उताराची माती ओढ्यात घालेल आणि व्यापारी दुसरा उतार शोधेल. मॅडमना मी अजून काही सांगितलेलं नाही. त्या म्हणणारही नाहीत काही. चष्मा कपाळावर चढवतील.

आता खरं सांगू? रागावू नकोस. बोटीत उलट्या करत होते तेव्हाही मला तुझा हेवाच वाटत होता. मला वाटलं होतं तू लबाड निघालीस म्हणजे निदान चांगुलपणात तरी मी तुझ्या पुढे राहीन. तिथेही तूच पहिली. माझ्यासाठी म्हणून काही ठेवतच नाहीस तू.

सोबत गोणपाटात मूळ आहे. सबंध. सुव्याच्या बाजारातून घेतलं. विकणारा म्हणाला, "कुठलं गाव?" मी म्हटलं, कांदावू. तो इतका हसला की शेजारचे गोळा झाले. यांगोनाच्या बेटावरची मुलगी सुव्यात यांगोना विकत घेते! हसू दे. तुझ्यापुढे स्वतः येऊन ठेवायला हवं होतं, मांडी घालून, मान खाली घालून. ते मला अजून जमणार नाही. पाद्रीणबाई ठेवतील.

तोरिका


सुवा, ३० सप्टेंबर

उनाइसी,

तुझं पार्सल सुट्टीच्या आधीच मिळालं होतं. मी क्षमा मागायला सबंध मूळ पाठवलं, आणि तू ते कांडून, पूड करून, पाकिटात भरून परत पाठवलंस! वर चिठोरं. "यावर सर्दीचं औषध माग. निम्मी आम्ही प्यालो. मामा हसत सुटले." मी खूप हसले. मग पलंगाच्या खड्ड्यात पडून खूप रडले. आत्या दारात येऊन म्हणाली, "दोघी सारख्याच वेड्या." तिने पहिल्यांदाच आपल्याला सारखं म्हटलं.

आता लगेच उत्तर द्यायला बस, कारण मला तुला काहीतरी विचारायचं आहे.

धक्क्यावर आई आणखी एक बोलली होती. मी तुला लिहिलं नव्हतं. म्हणाली, "तूही कुणाची तरी भाची आहेस, तोरिका." मला ते तेव्हा आवडलं नव्हतं. ओनो बेटावर मामाकडे मी लहानपणी गेले तेव्हासुद्धा आईच्या पदराला धरून बसायचे, काही मागायचे नाही. मागणारी तू होतीस ना, मग मी न मागणारी. त्याचाच मोठेपणा मिरवत होते.

या सुट्टीत गेले. मामा धक्क्यावरच नाचायला लागले. "आली रे, आमची वासु आली! लपवा रे सगळं, आता लुटणार ही!" मामीने मला बसायला नवी चटई टाकली. जेवणात डुकराचं सगळ्यात चांगलं मांस मला. उनाइसी, तू कधी सांगितलं नाहीस हे किती छान असतं! मी काही बोलले तरी सगळे हसत होते. मी विनोदी आहे हे मला माहीतच नव्हतं.

त्यांच्या घरामागे झऱ्याच्या अंगाला एक तुकडा आहे. सावली आहे, पाणी आहे. आपल्या उतारापेक्षा लहान, पण चालेल. मी जेवता जेवता म्हटलं, "मामा, तो झऱ्याचा तुकडा मला रोपवाटिकेला द्या." मामा घास हातात धरूनच म्हणाले, "तुझाच! बोललीस तेव्हाच तुझा झाला. उद्या भावांना बोलावून रीतसर करू." एवढं सोपं. हसता हसता.

मग मी वर बघितलं.

स्वयंपाकघराच्या दाराशी मामाची मुलगी बसली होती. सेरेआना. यंदा शाळा संपते तिची. हातात माझ्यासाठी आणलेलं पाणी होतं आणि ती ते देत नव्हती. बाकी कुणाला काही दिसलं नसेल. मला दिसलं. तो चेहरा मी किती वर्षं आतून घालून फिरले आहे.

संध्याकाळी ती झऱ्यावर भांडी घासत होती तिथे गेले. म्हटलं, "हा तुकडा तुला हवा होता का?"

"मला कशाला? तुम्ही वासु आहात."

"हवा होता का, ते सांग ना."

तिने हंडा इतका घासला की मला वाटलं भोक पडेल. "मी इथे व्हॅनिला लावणार होते. शाळेत वाचलंय मी. वेल आणून ठेवलेत. पण बरं आहे तुमचं. मागितलं की मिळतं."

मी तिथेच दगडावर बसले. उनाइसी, पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदा माझ्यावर कुणीतरी जळत होतं. मग लगेच इतकं वाईट वाटलं की पाण्यात पाय सोडून बसले तरी ते जाईना. म्हटलं, "विचारलंस का वडिलांना?" तर म्हणते, "विचारायचं काय? सगळ्यांना माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी मामाचे भाऊ जमले. पुडीचं काय होतं ते मी तुझ्या वेळी बघितलं होतं, म्हणून पाकीट पिशवीतच ठेवलं. मामीच्या बागेतून सबंध मूळ उपटून आणलं. मामी म्हणाली, "भाचीने उपटलं, आता कुणाला सांगणार?" सेरेआनाला हाताला धरून माझ्याशेजारी बसवलं. ती मागे सरकत होती, मी तिचा सुलू धरून ठेवला. मूळ ठेवलं आणि तुकडा मागितला, दोघींसाठी. खाली यांगोना, वर झाडांवर तिचा व्हॅनिला. मामाचे थोरले भाऊ म्हणाले, "पण ही मुलगी, उद्या लग्न करून जाईल." मी म्हटलं, "मग ती जाईपर्यंत. आणि गेली तर तिची मुलं वासु म्हणून येतीलच ना लुटायला." सगळे हसले. मग टाळ्या वाजल्या. सेरेआनाने वाजवल्या नाहीत.

परत निघताना धक्क्यावर ती आली होती. मला वाटलं काहीतरी बोलेल. म्हणाली, "माझी चादर वापरलीत ना, ती घडी न करताच ठेवलीत तुम्ही." आणि गेली. मी तिला मागून ओरडून आत्याच्या घरचा पत्ता सांगितला. म्हटलं, राग आला की लिही. शिव्या घालायच्या असतील तर सबंध पान भरून घाल.

मॅडमना ओनोचा आराखडा दिला आहे. बघतील. पण कांड्या नाहीत माझ्याकडे. इनोके नांगर घालायच्या आत त्या उतारावरच्या माझ्या जुन्या झुडपांच्या कांड्या काढ. नांगराआधी काढलेली झुडपं ज्याने लावली त्याची, इनोके त्याला नाही म्हणणार नाही. तुला जमेल. वरची टोकं वर ठेव, खालची खाली, ओल्या गोणपाटात. आणि स्वतः घेऊन ओनोला ये. येताना निळा सुलू घालून ये, तो तुलाच शोभतो, असं गाव म्हणतं. मी म्हणत नाही.

आता विचारते. दारातून बघणारे ते डोळे तू इतकी वर्षं कसे सोसलेस? प्रत्येक नाताळला येऊन, कोंबड्या नेत, हसत? मला दोन दिवस जमलं नाही.

सेरेआनाने आभार मानले नाहीत. मी तरी तुझे कुठे मानलेत?

तोरिका